इतिहासाला बारा डोकी

सकाळी सातच्या सुमारास त्या घरात येणारा उजेड हा काही कौतुक करावे असा उजेड नव्हता. समोरच्या इमारतीमागून तो उशिरा सुटे. आधी तिच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला, मग तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीला शिवून, थोडा मळून, थोडा थकून तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी येई. खिडकीच्या गजांच्या पाच सावल्या ओट्यावर पडत. त्यांतली मधली वाकडी पडे, कारण मधला गजच वाकडा होता. तेथून उजेड खाली उतरे, पिंपाच्या झाकणावर क्षणभर थबके, तडकलेली फरशी तडकलेली आहे हे लक्षात न घेता ओलांडी, आणि कोणी बोलावल्याशिवाय बाहेरच्या खोलीत येऊन टेबलाच्या पायांशी बसे. सात वाजून वीस मिनिटांनी तो टेबलावर चढे. चढताना त्याचा आवाज होत नसे. या घरात आवाज न करता आपले काम करणारे दोनच, असे दादाला वाटे : एक हा उजेड आणि दुसरे आपण.

त्या दिवशी उजेड टेबलावर चढला तेव्हा तेथे पोट उघडलेली इस्त्री पडली होती. तिच्यावर ओणवी होऊन चौदा वर्षांची धाकटी बहीण एक स्क्रू दातांत धरून वायर सोलत होती, आणि सोललेल्या वायरीच्या कचऱ्याखाली शाळेची चिठ्ठी होती. दादाने कचरा झटकून ती वाचली. नववीसाठी इतिहास हा ऐच्छिक विषय निवडणाऱ्यांची संख्या किमान बारा नसल्यामुळे सदर वर्ग उघडण्यात येणार नाही, पालकांनी नोंद घ्यावी, असा मजकूर होता. खाली शाईने भरलेली एक जागा होती : 'आजवर प्राप्त अर्ज : १.'

तो एक अर्ज धाकटीचा होता. म्हणजे दादाने भरलेला आणि धाकटीने असेच काहीतरी दुरुस्त करता करता सही केलेला.

दादाला राग आला. आता दादाचा राग ही काय वस्तू होती ते सांगायला हवे. तो वजनकाटे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात बसून तक्रारींच्या पत्रांना उत्तरे लिहीत असे. लोक काट्यावर चिडत, काटा कंपनीचा म्हणून कंपनीवर चिडत, आणि ती सगळी चिडचिड पाकिटांत बंद होऊन दादाच्या टेबलावर येई. तो लिही : 'आपल्या पत्राबद्दल आम्ही आभारी आहोत. तथापि...' सात वर्षे दुसऱ्यांचा राग वाचून त्याला स्वतःचा राग बोलून दाखवण्याची सवयच उरली नव्हती. तळपायाची आग मस्तकाला जाई, तेथे तिचे वाक्यांत रूपांतर होई, आणि ती वाक्ये सुवाच्य अक्षरांत कागदावर उतरत. एका पानात तीन वेळा 'तथापि' आला, की ओळखावे, आज दादाचे डोके फिरले आहे.

"बंद तर बंद, दादा," धाकटी म्हणाली. "मी विद्युतकाम घेते. त्याला चाळीस जण आहेत."

दादा तिच्याकडे पाहतच राहिला. चौदाव्या वर्षी एवढा सोसिकपणा. तोंडावर एक रेषा हलू न देता पोरीने मन मारले होते. तिने टेस्टर मागितला, आणि जखमी शिपायाला शेवटचे पाणी द्यावे तसा त्याने तो तिच्या हातात दिला. मग आत जाऊन दौत काढली आणि शाळेला चार पानांचे पत्र लिहिले. त्यात अकरा 'तथापि' होते.

शाळेची कार्यालयीन खिडकी साडेदहा ते साडेअकरा या वेळेत उघडी असे. ज्यांना नोकरी नाही अशाच पालकांना तक्रार असू शकते, या सिद्धांतावर ती वेळ ठरवलेली होती. अर्धी रजा टाकून दादा गेला. खिडकीची उंची अशी होती, की ताठ उभे राहिले तर आतल्याला फक्त आपला पट्टा दिसावा, आणि वाकले तर फक्त आपली मान. दादा वाकला. हेडक्लार्कने चार पानांचे पत्र उलटसुलट करून पाहिले, ते कोणत्या नमुन्यात बसते ते विचारले, आणि कोणत्याच नमुन्यात बसत नाही असे कळल्यावर अत्यंत आदराने परत दिले.

"इतिहासाला कुणी नाही म्हणत नाही हो," तो म्हणाला. "डोकी आणा. बारा डोकी आणा आणि वर्ग घ्या. शनिवार, साडेअकरापर्यंत."

सोबत त्याने कोऱ्या अर्जांचा गठ्ठा दिला. प्रत्येक अर्जात 'हा विषय निवडण्याचे कारण (स्वतःच्या शब्दांत)' यासाठी दहा ओळी सोडलेल्या होत्या. वाकून आखडलेली मान चोळत दादा बाहेर पडला. एका मुलीच्या भवितव्याचा प्रश्न, आणि हा माणूस डोकी मोजतो. हे वाक्य त्याला इतके आवडले, की कार्यालयात पोहोचेपर्यंत त्याने ते मनात सात वेळा हेडक्लार्कच्या तोंडावर फेकले.

इमारतीत नववीला जाणारी मुले भरपूर होती. प्रश्न दारांचा होता. दार वाजवायचे, कोणीतरी उघडणार, मग आपण बोलायचे, ही सगळी साखळी दादाला अंगावर येई. तरीही धाकटीचा तो न हललेला चेहरा डोळ्यांसमोर आणून त्याने पहिले दार वाजवले.

ते तळमजल्यावरच्या निवृत्त भूमापकांचे होते. त्यांचा नातू नववीत जाणार होता. झाले गेले ते झाले गेले, ते पाठ करून पोरांच्या हाती काय लागणार, असे त्यांनी दादाला खुर्चीवर बसायच्या आतच सांगून टाकले. नंतर एकतीस वर्षांपूर्वी एका हद्दीच्या दगडावरून साहेबाने आपला कसा अन्याय्य अपमान केला, त्या दिवशी कोणता वार होता, दगड मूळ जागेवरून किती हात सरकलेला होता आणि तो कोणी सरकवला याबद्दलचे तीन परस्परविरोधी जबाब त्यांनी दीड तास ऐकवले. जबाबांच्या नकला त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. "काका, हे सगळं दुसरं काय आहे मग?" असे दादाच्या अगदी ओठांवर आले. तो म्हणाला, "येतो मी."

दुसऱ्या मजल्यावर शिकवणी वर्ग चालवणारे सर राहत. इतिहास घेतलेल्या मुलाचा फोटो आजवर कोणत्या फलकावर पाहिलाय का, असे त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या फलकाची रंगीत प्रत दादाच्या हातात ठेवली. शेजारच्या वहिनी मायाळू होत्या. आमच्या चिरंजीवांना स्वतःची जन्मतारीख आठवत नाही, तिथे मेलेल्या लोकांच्या कुठून आठवणार, एवढीच त्यांची शंका होती. जाता जाता त्यांनी सल्लाही दिला, की लोकांकडे काही मागायला जाताना हा करडा सदरा घालत जाऊ नका भाऊजी, तुम्ही कोणी वारल्याचं सांगायला आल्यासारखे वाटता.

तीन दिवसांत दादाने चौदा दारे वाजवली. नऊ ठिकाणी चहा झाला, सदऱ्याविषयी दोनदा मत मिळाले, लग्नाविषयी सहादा, आणि इतिहासाला डोके एकही मिळाले नाही. तो आतून नुसता धुमसत होता. ज्या समाजाला काल काय घडले याची चाड नाही, त्याला उद्या घडण्याचा अधिकार काय, असा एक परिच्छेद त्याने कारखान्याच्या वेळात लिहून काढला. तो चुकून एका ग्राहकाच्या पाकिटात गेला. त्या ग्राहकाचे अजून उत्तर आलेले नव्हते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आई वरच्या मजल्यावर कोणाची तरी चाळणी परत द्यायला गेली, ती पाऊण तासाने अकरा नावे घेऊन खाली आली.

दादाने नावे दोनदा मोजली. तिने त्यांना सांगितले तरी काय?

"काय सांगायचंय?" आई म्हणाली. "म्हटलं, या विषयात घरून काही करून न्यावं लागत नाही. मागच्या वर्षी विज्ञानाचा तो ज्वालामुखी सगळ्या आयांनीच केला होता. माझा तर ओट्यावरच फुटला. अजून डाग आहे बघ."

इतिहासाच्या वतीने दादाला हा अपमान फार लागला. कागदाचा लगदा भिजवावा लागत नाही, हीच काय ती मानवजातीच्या वाटचालीची थोरवी. तो जेवताना कोणाशी बोलला नाही, आणि त्याला राग आला आहे हे कोणाच्या लक्षातही आले नाही. कारण एरवीही तो जेवताना बोलत नसे. पण नावे अकरा होती. धाकटी बारावी. तिने भाताचा घास तोंडात घालता घालता एकदा आईकडे, एकदा दादाकडे पाहिले, आणि "म्हणजे खरंच होणार वर्ग?" असे विचारले. आनंदाने पोरीचा आवाज बसला, असे दादाने मनात नोंदवले.

येथे दादाच्या हातून, तो ज्या धंद्यात होता त्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकते अशी चूक झाली. कारणाच्या दहा ओळी मुलांना जड जातील म्हणून त्याने एक नमुना तयार केला. कार्यालयात तो असेच करी : मसुदा करायचा, मोकळ्या जागा सोडायच्या, कंसांत सूचना द्यायच्या. त्याने सुरेख मसुदा केला, अकरा प्रती काढल्या, आणि तोंडी काही समजावून सांगावे लागू नये म्हणून दारांच्या फटींतून आत सरकवून दिल्या.

गुरुवारी त्याला खिडकीवर बोलावणे आले. हेडक्लार्कने अकरा अर्ज पत्त्यांसारखे पसरले. अकराही मुलांनी लिहिले होते, की भूतकाळाच्या मावळत्या प्रकाशात आपल्या मनाला एक अनामिक हुरहूर लागते. अकराही जणांनी पुढे लिहिले होते : '(येथे आपल्या आयुष्यातील एक उदाहरण द्यावे).' भूमापकांच्या नातवाने, आजोबांचाच नातू तो, वरच्या कोपऱ्यातला 'मसुदा क्र. ३' सुद्धा जागच्या जागी उतरवला होता.

"हुरहूर," हेडक्लार्क म्हणाला. "अकरा जणांना. एकदम."

प्रकरण मुख्याध्यापिकांकडे गेले. शुक्रवारी दुपारी सर्व अर्जदारांनी पालकांसह हजर राहून कारण तोंडी सांगावे, असा आदेश निघाला. दादाने दुसरी अर्धी रजा टाकली. त्याच्या वरिष्ठाने विचारले, घरी कोणी आजारी आहे का? दादा म्हणाला, इतिहास. वरिष्ठाने सहानुभूतीने मान हलवली, कारण त्याला तो आजाराचाच काही प्रकार वाटला.

चौकशी इतिहासाच्याच खोलीत होती. पालकांना भिंतीकडेच्या बाकांवर बसवले होते. ते बाक पाचवीच्या मुलांच्या मापाचे होते, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते आणि कोणाच्याही चेहऱ्यावर पालकपण टिकत नव्हते. खोलीच्या मागच्या बाजूला इतिहासाच्या बाई फाटलेल्या नकाशाला चिकटपट्टी लावत होत्या. दादा उठून त्यांच्याजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, की काळजी करू नका, हा वर्ग मी बंद पडू देणार नाही.

बाईंनी चिकटपट्टी दातांनी तोडली. "कशाला हो एवढा त्रास घेता? बंद झाला तर मला ग्रंथालय देणार आहेत. तिथे खुर्ची आहे."

दादा परत येऊन बाकावर बसला. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांनाच खुर्ची हवी.

मुले एकेक करून पुढे आली. भूमापकांचा नातू म्हणाला, की इतिहासाचा तास जेवणानंतर असतो आणि बाई हळू बोलतात. वहिनींच्या चिरंजीवाने गणित नको म्हणून सांगितले; गणित तरीही घ्यावे लागते असे कळल्यावर त्याचा चेहरा पाहवेना. तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणींपैकी पहिली दुसरी घेते म्हणून घेत होती आणि दुसरी पहिली घेते म्हणून. दादा मान खाली घालून प्रत्येक उत्तराला मनातल्या मनात पत्र लिहीत होता, आणि एकही पत्र 'आभारी आहोत' या वाक्याने सुरू होत नव्हते.

मग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची मुलगी उभी राहिली. सडपातळ, एका पायावर भार देऊन उभी राहणारी मुलगी. ती म्हणाली, "आमच्या घरात दाराच्या मागे भिंतीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा आहेत. आमच्या नाहीत, आधीच्यांच्या. दोन मुलं होती. एकाच्या खुणा वरपर्यंत जातात. दुसऱ्याच्या मध्येच थांबतात. तो कुठे गेला ते मला शोधायचंय."

मुख्याध्यापिकांनी पेन कागदावरून उचलले. मागे चिकटपट्टीचा आवाज थांबला. दादाला वाटले, एवढ्यासाठी सगळे सार्थकी लागले, आणि त्याने अभिमानाने धाकटीकडे पाहिले, जणू ती मुलगीही त्यानेच भरलेला अर्ज होती.

शेवटी धाकटीची पाळी आली. तिचा अर्ज तेवढा नमुन्याबाहेरचा होता. दादाने तो नमुन्याच्या कितीतरी आधी, स्वतंत्र प्रतिभेने लिहिला होता. मुख्याध्यापिकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "हे तू लिहिलंस?"

"सही माझी आहे," धाकटी म्हणाली.

"इतिहास का घ्यायचाय तुला?"

"दादाला घेऊ दिला नव्हता."

बाकांवरचे सगळे गुडघे दादाकडे वळले.

"आणि तुला स्वतःला?"

तिने एकदा वळून पाहिले. "मी बसेन की," ती म्हणाली.

मुख्याध्यापिका बराच वेळ काही लिहीत होत्या. मग म्हणाल्या, की कारण स्वतःचे असावे असा नियम आहे, चांगले असावे असा नियम नाही; सबब बाराही अर्ज मंजूर. पालकांनी कसेबसे बाकांतून स्वतःला उपसून काढले. भूमापकांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. इतिहासाच्या बाईंनी एक सुस्कारा सोडला आणि नकाशा गुंडाळून ठेवला. दादा जिंकला होता, आणि इतका संतापलेला तो आयुष्यात कधी नव्हता.

रस्त्यावर आल्यावर तो फुटला. फळांच्या दुकानासमोर, भर चारच्या सुमारास, त्याचा आवाज असा चढला की दुकानदाराने वजन करता करता काटा तसाच धरून ठेवला. चार लोकांत हे बोलायची काय गरज होती? आठवडाभर आपण दारोदार फिरलो, लोकांचे पडेल ते ऐकून घेतले, रजा टाकल्या, ते कोणासाठी? आणि नकोच होता तर आधी तोंड का उघडले नाही?

"उघडलं होतं," धाकटी म्हणाली. "इस्त्री खोलली होती त्या दिवशी."

"ते तू मन मारून बोलली होतीस."

"मी स्क्रू दातांत धरून बोलले होते, दादा."

ते दोघे चालत राहिले. भिंतीच्या कडेने, एकामागे एक, कारण पदपथ अरुंद होता. कोपरा वळल्यावर ती मागून म्हणाली, "जाऊ दे ना. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मी नीट लक्ष देईन. तू रोज विचारशील ना, आज काय शिकवलं म्हणून? मी सांगत जाईन."

तिच्या आवाजात कुरबूर नव्हती. कुरबूर असती तर त्याला रागावता आले असते. त्याने हेडक्लार्कवर रागावून पाहिले, मग वहिनींच्या सदऱ्याविषयीच्या मतावर, मग बाईंच्या खुर्चीवर. सगळे राग जुन्या चपलेसारखे पायातून निसटत होते.

शनिवारी सकाळी तो आधी लिफ्टवाल्यांच्या दाराशी गेला. हे दार त्याने दोनदा वाजवले. मुलीनेच उघडले. बारावे डोके निघून जाणार, वर्ग उघडणार नाही, असे त्याने एका दमात सांगितले, आणि पुलापलीकडच्या शाळेत इतिहासाचा वर्ग आहे, चालत पंचवीस मिनिटे, हेही सांगितले. त्या शाळेची खिडकी किती वाजता उघडते ते तो येताना पाहून आला होता. मुलीने ते ऐकून घेतले. ती चिडली होती, आणि तिने ते लपवले नाही. तिकडेही कारण लिहावे लागते का, असे तिने विचारले. दादा म्हणाला, लागत असेल. "मग या वेळी माझं मी लिहीन," ती म्हणाली, आणि दार लावून घेतले. दारामागे त्या खुणा असतील, असे त्याच्या मनात आले. पण पाहू का म्हणून विचारण्याचा हक्क आता राहिला नव्हता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो खिडकीशी वाकला. हेडक्लार्कने अर्ज मागे घेण्याचा नमुना काढून दिला. अकरांवर वर्ग चालणार नाही हे माहीत आहे ना, असे विचारले. दादाने मान हलवली. बाकीच्या दहा मुलांना विद्युतकाम किंवा आणखी काही मिळेल. भूमापक मात्र एकतीस वर्षे विसरणार नव्हते.

नमुन्यात कारणासाठी एकच ओळ होती. दादाने लिहिले : 'प्रकृती अस्वास्थ्य.'

"त्याला डॉक्टरचा दाखला लागतो," हेडक्लार्क म्हणाला.

दादाने ते खोडून लिहिले : 'वेळापत्रकातील अडचण.' वेळापत्रक अजून लागलेले नाही, असे आतून कळले. त्याने तेही खोडले आणि वर बारीक अक्षरांत लिहिले : 'अपरिहार्य कारणास्तव.'

हेडक्लार्कने कागद आपल्याकडे फिरवला, वाचला आणि परत सरकवला. "हे कारण नाही, भाऊ. हे कारणावरचं झाकण आहे."

मागे एक बाई दाखल्यासाठी थांबल्या होत्या. घड्याळात साडेअकराला चार मिनिटे होती. ओळीत खोडाखोडीने आता थोडीच जागा उरली होती. दादाने मान आणखी थोडी वाकवली आणि त्या उरलेल्या जागेत लिहिले :

'हा विषय विद्यार्थिनीच्या भावाला हवा होता.'